गडग्यातली मोटार

मोटार माणसाला मुक्त करते. बैल, बोट, भरती-ओहोटी आणि दुसऱ्याची मर्जी या बंधनांतून मनुष्यजात मोटारीमुळे सुटली, आणि वाटेल तेव्हा वाटेल तिथे जाण्याचा हक्क तिला इतिहासात प्रथमच मिळाला. हे विधान माझे नाही, माझ्या काकांचे आहे. आमच्या रत्नागिरीच्या घराच्या ओटीवर झोपाळ्यावर बसून त्यांनी ते केले, आणि ते करीत असताना झोपाळा जिथल्या तिथे पुढे-मागे होत होता.

काका वकील होते. माझे वडील लवकर गेल्यामुळे काकांनीच मला वाढवले, शिकवले आणि गावातल्या शाळेत हंगामी मास्तर म्हणून चिकटवले. याबद्दल मी त्यांचा ऋणी होतो, आणि मी ते विसरू नये याची काळजी ते स्वतः घेत. तिसाव्या सालानंतरची ही गोष्ट. देवरुखला आणि वर घाटाकडे उतारू नेणाऱ्या सर्विस मोटारी तेव्हा गावात धुरळा उडवू लागल्या होत्या, पण स्वतःची मोटार असलेली माणसे फार थोडी होती, आणि त्यांत वकील एकही नव्हता. काकांना हे सलत होते.

"पायी कोर्टात येणाऱ्या वकिलाला अशील विचारतो, चहा घेणार का," काका म्हणत. "मोटारीतून येणाऱ्याला विचारतो, फी किती."

"तुम्हाला कोणी चहा तरी कधी विचारला?" काकू आतून म्हणत.

मोटार घ्यायची हे ठरले, पण ड्रायव्हर ठेवायचा नाही हेही त्याच दमात ठरले. मग चालवणार कोण? काकांनी झोपाळा थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. 

नेमक्या त्याच महिन्यात मुंबईच्या एका शाळेत मला कायमची जागा मिळत होती. माझा एक मित्र तिथे होता, त्याने हेडमास्तरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. जूनमध्ये शाळा उघडताना हजर व्हायचे, एवढीच अट. त्या जागेचे मला वेड लागले होते. पगार थोडा जास्त होता हे खरे, पण मुंबईत मी कोणाचा पुतण्या नसणार होतो, हे पगारापेक्षा मोठे होते. मी धीर करून काकांना सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

"जा की," ते म्हणाले. "मी कुठे अडवतो? मोटार घरी येऊ दे, तू मला ती चालवायला शिकव, मी एकदा माझ्या हाताने कोर्टापर्यंत नेली, की तू मोकळा."

तेव्हा मोटार कोणती घ्यावी या प्रश्नात माझा स्वार्थ होता. काकांना हवी होती लोकांनी वाट सोडावी अशी. काकूंना हवी होती सगळे मावतील अशी. मला हवी होती पंचावन्न वर्षांच्या, कधी सायकलवरही न बसलेल्या वकिलाला महिन्याभरात चालवता येईल अशी. स्वस्त असावी, याबद्दल मात्र एकमत होते. 

पण निवड आमच्यापैकी कोणीच केली नाही. ती गडग्याने केली.

रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत यायला एक अरुंद बोळ होता, रस्त्याकडून घराकडे उतरत येणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे, मातीचुन्याशिवाय नुसते चिरे रचून केलेले गडगे. डावा गडगा आमचा. उजवा काकांच्या चुलतभावाचा, म्हणजे काकांच्या मते तोही आमचाच, निदान हातभर तरी. हे चुलतकाका पलीकडच्या घरात राहत आणि आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'पलीकडचे' एवढाच होई. गडगा नेमका कोणाच्या जमिनीत आहे यावर दोघांचा दावा चालू होता. तो मला कळू लागले तेव्हापासून चालू होता. निकाल लागेपर्यंत उजव्या गडग्याचा एक चिराही कोणी हलवू नये, असा कोर्टाचा मनाई हुकूम काकांनी मोठ्या हुशारीने मिळवला होता. पलीकडचे गडगा सरकवतील ही त्यांना भीती. त्या हुकुमाचा काकांना एवढा अभिमान होता की पाहुणे आले की ते आधी गडगा दाखवीत आणि मग चहा येई.

"मोटार रस्त्यावर ठेवू," मी सुचवले.

"रस्त्यावर उभी राहते ती भाड्याची," काका म्हणाले. "घरची मोटार घरच्या खळ्यात दिसली पाहिजे. आणि पलीकडच्यांच्या ओटीवरून दिसली पाहिजे."

खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. तिथवर जायचे तर बोळातून जायला हवे, बोळ रुंद करायचा तर चिरा हलवायला हवा, आणि उजवा चिरा हलवायला काकांनीच मनाई केलेली; डावा गडगा आत घेणे म्हणजे तर काकांच्या मते आपण होऊन हद्द सोडणे. तेव्हा बोळाला बसेल अशी मोटार शोधणे एवढेच उरले. काकांनी एक सरळ बांबू तोडून आणवला, बोळाच्या तोंडाशी तो आडवा धरला, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे सोडून बरोबर कापला, आणि त्या संध्याकाळपासून आम्ही मोटारी पाहायला निघालो. पुढे काका, कोट आणि पागोट्यात. मागे मी, काठी घेऊन. लोकांना वाटे गुरे आणायला निघालेत.

पहिली मोटार एका आंबेवाल्या बागायतदाराची. अमेरिकन, भलीमोठी, पितळी भोंग्याची. तिच्यातून तो हापूसच्या पेट्या बंदरावर नेई, त्यामुळे गादीला आंब्याचा वास होता. काका आत बसले आणि त्यांचा चेहराच बदलला. मी काठी लावली. मोटार दोन्हीकडून वीतभर बाहेर.

"नाही बसत," मी म्हणालो.

"अरे, परत लाव. तिरकी लावलीस."

परत लावली. मोटार तेवढीच राहिली.

दुसरी एका डॉक्टरांची, बंद टपाची, काचेच्या खिडक्यांची. ती फक्त चार बोटांनी जास्त होती. काकांनी चाकावरचा पत्रा तळहाताने दाबून पाहिला.

"हा थोडा आत घेता येईल का हो, डॉक्टर?"

"तुमचा गडगाच घ्या की आत," डॉक्टर म्हणाले.

काका तसेच उठले. हे डॉक्टर पलीकडच्यांकडे पत्ते खेळायला जातात, हे त्यांना रस्त्यात आठवले.

तिसरी बांधकाम खात्यातल्या एका इंजिनियराची. त्यांची बदली झाली होती. मोटार विलायती, छोटी, कापडी टपाची. टप मागे पाडता येई आणि पुढची काचही आडवी होई. काका तिच्याकडे काळी मुलगी सांगून आल्यावर पाहावे तसे पाहत होते, म्हणजे मुलीकडे न पाहता तिच्या बापाकडे. इंजिनियर एंजिन उघडून समजावू लागले, पाणी कुठे, तेल कुठे. मी काठी लावली. ती टेकली नाही, अडली नाही. मापात.

"बसते," मी म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच आनंदी निघाला असावा. अशी मोटार काका पंधरवड्यात शिकले असते.

"खेळणं आहे," काका पुटपुटले. पण किंमत ऐकून ते गप्प बसले, आणि घरी काकूही गप्प बसल्या, यावरून ती परवडण्याजोगी होती हे मला कळले.

मी मोटार चालवायला शिकलो ते सड्यावर. गावाबाहेर वर चढून गेले की जांभ्याचे उघडे पठार लागते, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. झाड नाही, भिंत नाही, दावा नाही. राजापूरकडचा एक सर्विस मोटारीचा ड्रायव्हर सकाळच्या फेरीआधी मला तिथे नेई. पुढे जाणे, थांबणे, गियर बदलणे, वळणे हे त्याने मला नीट शिकवले. मागे कसे जायचे ते मी विचारले तेव्हा तो हसला.

"मास्तर, मागं कशाला जायचं? येवढा सडा मोकळा पडलाय. वळवा नि जावा."

मला ते पटले. लायसन देणाऱ्या अंमलदाराने मैदानावर एक फेरी मारायला सांगितली, तीही पुढेच होती. 

मे महिन्यातल्या एका सकाळी मोटार आणायला आम्ही तिघेही गेलो. काका माझ्या शेजारी बसले, काकू मागे, मांडीवर नारळ आणि हळदकुंकवाचे ताट घेऊन. खळ्यात मोटार उभी राहिली की तिची पूजा व्हायची होती. गावातून मी व्यवस्थित आलो. काका डावी-उजवीकडे नमस्कार घेत होते. काही नमस्कार त्यांना नव्हते, तेही त्यांनी घेतले. बोळाच्या तोंडाशी मी वेग कमी केला, चाके सरळ केली आणि आत शिरलो. दोन्हीकडे दोन-दोन बोटे. काठी खरी ठरली. 

काठी आम्ही बोळाच्या तोंडाशी धरली होती. बोळ मध्यावर कसा आहे हे कोणी पाहिले नव्हते, म्हणजे रोज पाहत होतो पण मोजले नव्हते. रचलेल्या गडग्याला दोन-चार पावसाळ्यांनी पोट येते. उजव्या गडग्याला ते मध्यावर आले होते, आणि हात लावायला मनाई असल्यामुळे ते कोणी उतरवलेही नव्हते. उजवीकडे खर्रकन आवाज झाला. पुढच्या चाकावरचा पत्रा एका पुढे आलेल्या चिऱ्याखाली गेला आणि मोटार थांबली.

"मागे घे," काका म्हणाले.

मी गियरचा दांडा इकडे ओढला, तिकडे ढकलला. मोटार कण्हली, आणि उतार असल्यामुळे बोटभर आणखी पुढे गेली. वरून थोडी माती टपावर पडली. चिरा हलला.

"थांब!" काका असे ओरडले की मी एंजिनच बंद केले. "चिरा हलला तर हुकुमाचा भंग! हुकूम माझा आहे!"

आता उतरून पाहू म्हणून मी दार उघडले. ते दोन बोटे उघडले आणि गडग्याला टेकले. काकांनी त्यांच्या बाजूचे ढकलले. तेही दोन बोटे. काठीने आम्ही मोटार मोजली होती ती दारे बंद असताना. दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत जांभा, पुढे घर, मागे रस्ता, आणि मध्ये आम्ही तिघे, कोर्टात आरोपी बसतात तसे.

"बोळ मोजलात," मागून काकू म्हणाल्या, "माणसं कशी उतरणार ते मोजलंत का?"

गडग्यावर पलीकडच्यांचे डोके दिसले. मग ते सावकाश वर चढून गडग्यावरच बसले, स्वतःच्या मानलेल्या भागावर.

"काय दादा," ते म्हणाले, "नवी मोटार? छान आहे. उतरणार, की इथेच बिऱ्हाड करणार?"

"तू खाली उतर. चिरे हलतील."

"मी हात लावत नाही हो. नुसता बघतोय. उद्या साक्ष द्यायची वेळ आली, तर बघितलेलं असलेलं बरं." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, मागचा गियर नाही वाटतं हिला?"

"आहे," मी म्हणालो. एवढेच मला माहीत होते.

मुहूर्त टळू नये म्हणून काकूंनी नारळ हातात घेतला आणि फोडायला समोर दिसला तो चिरा गाठला. काका पुन्हा ओरडले, "त्या चिऱ्याला नको!" शेवटी तो डाव्या, निर्विवाद गडग्यावर फोडला. पलीकडच्यांनी प्रसाद मागितला आणि काकूंनी हात वर करून दिलाही. त्या दोघांचे कधी भांडण नव्हते.

आम्ही सुटलो ते टप पाडून, काच आडवी करून, एंजिनवरून घसरत. काकूंना उतरवायला वेळ लागला. त्या वेळात काका जे बोलले ते त्यांनी कोर्टात कधी कोणाला बोलू दिले नसते.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोटार काढण्यापुरता चिरा हलवायची परवानगी मागणारा अर्ज कोर्टात केला. पलीकडच्यांच्या वकिलाने हरकत घेतली. गडग्याला पोट आहे की गडगा मुळात तिथेच आहे, हाच दाव्याचा मुद्दा, आणि मोटार नेमकी जिथे अडली ती जागा या बाबतीत उत्तम पुरावा आहे, ती हलवली की पुरावा गेला. मुन्सफ स्वतः जागा पाहायला आले. टोपी काखेत धरून, मागच्या चाकावर पाय देऊन ते मोटारीत चढले, गाद्यांवरून चालत गेले, एंजिनवरून खाली उतरले आणि खळ्यात चहा प्याले. मग त्यांनी हुकूम दिला. सर्व काही जैसे थे, मोटारीसह.

परसातून वाट नव्हती, तिथे विहीर आणि खाली सरळ उतरण. तेव्हा घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोटारीतूनच यावे लागे. दूधवाली, भिक्षुक, आप्त, अशील, सगळे मागून चढत आणि पुढून उतरत. काकूंनी चढायच्या जागी एक चिरा पायरी म्हणून ठेवला, डाव्या गडग्याचा. चिखलाचे पाय गादीला लागू नयेत म्हणून वर गोणपाट घातले. काका बाहेर कुठे बोलताना म्हणू लागले, "माझे अशील मोटारीतून येतात." ते खोटे नव्हते.

आणि रोज संध्याकाळी माझी शिकवणी असे. काका चढून स्टिअरिंगच्या चाकामागे बसत, मी शेजारी. ते गियर बदलत, पाय दाबत, हात बाहेर काढता येत नाही म्हणून वळण्याची खूण मानेने करत. समोरून दूधवाली आली तर भोंगा वाजवत आणि ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे जाई. एंजिन चालू करायला मनाई होती, धक्क्याने चिरा हलला असता. पलीकडचे गडग्यावरून बघत.

"दादा, वळणावर जरा हळू घ्या," ते म्हणत.

पंधरवड्याने मी म्हणालो, "काका, आता तुम्हाला येतं की सगळं."

"बसल्या जागी येतं," ते म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता. "चालवून कुठे बघितलंय? कोर्टापर्यंत नेली की तू मोकळा. शब्द दिलाय मी तुला, मोडायचा नाही."

मी ओळीने सगळे मार्ग तपासले. पळून जाता आले असते. बोटीचे तिकीट काढायचे आणि बंदरावर जायचे, एवढेच. पण घरातून निघायचे तर ट्रंक घेऊन त्या मोटारीतूनच चढून जायला हवे होते, आणि संध्याकाळी काका तिच्यात बसलेले असत. ते अडवणार नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते. ते फक्त पाय आखडून मला वाट देणार होते. ते मला जमले नसते. मे संपला. पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या. मोटारीवर झावळ्यांचे झापे घातले, आणि पाऊस धरला तेव्हा काका त्या झाप्यांखाली बसून तिसरा गियर घोटत होते. मुंबईच्या शाळेने जुलैत दुसरा मास्तर नेमला. मित्राने कळवले की तो बरा आहे. त्याच पावसाळ्यात गावच्या शाळेने मला कायम केले. काकांनी पेढे वाटले, ते देखील मोटारीतूनच गेले.

दावा पुढे काही वर्षांनी मिटला तो कोर्टात नाही. पलीकडच्यांच्या मुलीचे लग्न ठरले आणि मांडवाचे खांब न्यायला त्यांना बोळ लागला. काकू आणि पलीकडच्या काकू गडग्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बोलल्या, दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी राजीनाम्यावर, म्हणजे तडजोडीच्या कागदावर, सह्या केल्या आणि गडी लावून पोट आलेला भाग उतरवला. वादातला तो चिरा आता पलीकडच्यांच्या विहिरीवर धुण्याला आहे. मोटारीची चाके तोवर जमिनीत रुतली होती. तिला बैल लावून मागे ओढली. ती मागे जाताना मी पहिल्यांदाच पाहिली. सुट्या भागांसाठी एका सर्विसवाल्याने ती नेली.

काका रस्त्यापर्यंत पोचवायला गेले होते. परत येताना बोळातून चालत आले, दोन्ही हात मोकळे सोडून, आणि ओटीवर माझ्याजवळ थांबले.

"आता तू मोकळा," ते म्हणाले. "मुंबईला वगैरे जायचं असेल तर."

मी तेव्हा पाचवीचे पेपर तपासत होतो. मी 'बरे' म्हणालो. काका झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी जमिनीला पाय लावून एक झोका घेतला.

ती मोटार आमच्या मालकीची होती तेवढ्या काळात एकदाच चालली, आणि तेही घराकडे.